दर्जा आणि चेहरा

अठराव्या शतकातील इंग्रजी व्यक्तिचित्रे एकाच वेळी दोन गोष्टी सांगू पाहतात: समोरच्या माणसाचा समाजातील दर्जा आणि त्याचे शील. यांपैकी पहिली गोष्ट पैसे मोजून मिळत असे. जोशुआ रेनॉल्ड्स या विख्यात चित्रकाराचे १७६४ मधील दर पाहावेत: केवळ मस्तकाच्या चित्रास ३० गिनी, अर्धाकृतीस ७०, पूर्णाकृतीस १५०. वस्त्रे रंगविण्याचे काम तर पुष्कळदा दुसऱ्याच हाती सोपविले जाई. जोसेफ व्हॅन एकन (मृत्यू १७४९) हा कलावंत टॉमस हडसन, ॲलन रॅमझी आदी चित्रकारांसाठी रेशीम नि मखमल रंगवून देत असे. चेहरा एकाने काढावा, ऐश्वर्य दुसऱ्याने चढवावे, अशी ती रीत होती.

या रीतीला विल्यम होगार्थने १७४० मध्ये निराळेच वळण दिले. त्याने निवडलेला पुरुष होता टॉमस कोरम, एक वृद्ध दर्यावर्दी. लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली अर्भके पाहून व्यथित झालेल्या कोरमने सुमारे सतरा वर्षे थोरामोठ्यांचे उंबरठे झिजविले. अखेर १७३९ मध्ये अनाथ बालकांच्या आश्रयगृहासाठी त्याला राजसनद मिळाली. होगार्थने त्याची पूर्णाकृती रंगविली. उंच खांब, भव्य पडदा, पायऱ्या असा उमरावाला साजेसा सारा थाट तिच्यात आहे. मात्र त्या थाटात बसला आहे साध्या लाल कोटातील एक ठेंगणा म्हातारा. डोक्यावर टोप नाही, आपलेच पांढरे केस मोकळे आहेत. पाय जमिनीवर धड टेकतही नाहीत. हाती सनदेची मोहोर आहे, पायाशी पृथ्वीचा गोल, मागे समुद्र. येथे खांब नि पडदा कुळाची साक्ष देत नाहीत. कोरमचे कार्यच त्यांना अर्थ देते.

हे चित्र होगार्थने त्या आश्रयगृहासच अर्पण केले. पुढे १७४२ मध्ये संस्थेच्या कारभारी मंडळातून खुद्द कोरमलाच दूर सारण्यात आले. १७५१ मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याच्यापाशी संपत्ती अशी उरली नव्हती. ज्या संस्थेने त्याचा अधिकार काढून घेतला, तिच्याच संग्रहात त्याचे मोठेपण मात्र जपले गेले. आज ते चित्र लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये आहे.

होगार्थ याहूनही एक पाऊल पुढे गेला. १७५० च्या सुमारास त्याने आपल्या घरच्या सहा नोकरांची मस्तके एकाच फलकावर रंगविली. तेथे ना खांब, ना पडदा, ना हातात कामाची खूण. आहेत केवळ सहा चेहरे, प्रत्येक वेगळा, प्रत्येक सारख्याच आस्थेने न्याहाळलेला. त्यांच्यातील कोणाला ३० गिनी मोजता आल्या असत्या?

आम्हांस वाटते, त्या काळाचा इतिहास वाचताना उमरावांच्या दालनांइतकेच या लहानशा फलकापुढेही थांबावे. दर्जा रंगविण्यास दुसऱ्याचा हात चालत असे. माणूस रंगविण्यास स्वतःलाच पाहावे लागे.