हातांच्या भाषेची वही

जळगावजवळच्या असोदा येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करताना सुचलेली त्यांची गाणी पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी वहीत उतरवून घेतली, म्हणून ती उरली. अन्यथा सावदा, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या लेवा गणबोलीचे हे धन १९५१ मध्ये त्यांच्याबरोबरच गेले असते.

कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेची अडचण याहून बिकट आहे. सर्वमान्य, रोजच्या वापरातील लिपी तिला नाही आणि तिचे ध्वनिमुद्रणही करता येत नाही. हात, चेहरा, नजर आणि खांदे यांच्या हालचालींतून ती हवेत उमटते आणि पुढच्याच क्षणी पुसली जाते. तिची वही एकच, ती म्हणजे चित्रफीत. जगभरातील कर्णबधिर कलावंतांनी कॅमेरा हाती घेतला त्यामागे हौसेपेक्षा ही निकड अधिक आहे.

या निकडीचा उगम १८८० च्याच एका घटनेत सापडतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करावी आणि मुलांना केवळ ओठ वाचण्यास व तोंडाने बोलण्यास शिकवावे, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने संमत झाला. परिषदेतील १६४ प्रतिनिधींपैकी स्वतः कर्णबधिर असलेला प्रतिनिधी अवघा एक होता. या ठरावाचे पडसाद शंभर वर्षे उमटत राहिले. वर्गात खुणा केल्या म्हणून हातावर बसलेली छडी ही अनेक देशांतील कर्णबधिरांची सामाईक आठवण आहे. भारतातील बहुसंख्य शाळांनीही पुढे 'बोलण्याची'च पद्धत स्वीकारली. मिलानच्या ठरावांबद्दल शिक्षकांच्या त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने अधिकृतपणे खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे.

भाषा शाळेतून गेली, तर ती पुढच्या पिढीला मिळणार कशी, हा प्रश्न अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेला पडला. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे ही भाषा घरातून वारशाने मिळण्याची शक्यता फार थोडी. संघटनेने वर्गणी गोळा केली आणि उत्तमोत्तम सांकेतिक वक्त्यांचे चित्रीकरण करून घेतले. त्यातील जॉर्ज वेडिट्झ यांचे १९१३ मधील, सांकेतिक भाषेच्या जतनाविषयीचे भाषण आजही पाहता येते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

योगायोग असा, की त्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. मूकपटाचा तो काळ कर्णबधिर प्रेक्षकांचा सुवर्णकाळ म्हणावा लागेल. पडद्यावरील अभिनय आणि मधून येणाऱ्या पाट्या ऐकणाऱ्याला जितक्या कळत, तितक्याच न ऐकणाऱ्यालाही. हॉलिवूडमध्ये तर चार्ली चॅप्लिनने ग्रॅनव्हिल रेडमंड या कर्णबधिर चित्रकाराला आपल्या स्टुडिओच्या आवारात चित्रे काढण्यासाठी जागा दिली आणि चित्रपटांत भूमिकाही दिल्या. 'सिटी लाइट्स'मधील शिल्पकार तो हाच. त्या चित्रपटाच्या वर्षीच, मार्च १९३१ मध्ये, मुंबईत 'आलम आरा' झळकला. पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. बोलपटाच्या आगमनाचा जल्लोष आपल्या चित्रपट-इतिहासात भरभरून नोंदला गेला आहे. त्या दिवशी एक प्रेक्षकवर्ग चित्रपटगृहाबाहेर पडला, याची नोंद मात्र क्वचितच आढळते.

खुणा आणि भाषा

सांकेतिक भाषा म्हणजे बोलीभाषेचे हातांनी केलेले भाषांतर, हा समज आजही सुशिक्षितांत आढळतो. अमेरिकेतील भाषाभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये तो शास्त्रीय पद्धतीने खोडून काढला. सांकेतिक भाषेतील प्रत्येक शब्द हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांनी बनतो व त्यातील एक घटक बदलला तरी अर्थ बदलतो, हे त्यांनी दाखवून दिले. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचे व्याकरण आहे. काळ आधी सांगितला जातो, नकार क्रियेनंतर येतो आणि प्रश्नार्थक शब्द शेवटी. 'तू कुठे जातोस?' हे वाक्य 'तू – जाणे – कुठे' असे होते. उंचावलेल्या भुवया आणि किंचित पुढे झुकलेली मान साध्या विधानाचा प्रश्न करतात. म्हणजे चेहरा हा येथे केवळ भाव दाखवीत नाही, तो व्याकरण सांगतो.

भारतात अशी भाषा आहे हे शास्त्रीयदृष्ट्या नोंदविण्याच्या कामात अग्रभागी होते मदन वसिष्ठ. हिमाचल प्रदेशातील गगरेट येथील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या वसिष्ठ यांना अकराव्या वर्षी बहिरेपण आले. दिल्लीत त्यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले आणि १९६७ मध्ये ते अमेरिकेतील गॅलोडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात गेले. १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह परत येऊन त्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणा तपासल्या. चारही शहरांतील सुमारे तीन-चतुर्थांश शब्दसंपदा परस्परांशी नाते सांगणारी निघाली. ज्या देशात दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात, तेथे हा निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. तरीही या भाषेचे औपचारिक वर्ग मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत सुरू होण्यास २००१ उजाडले. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले ते २०१५ मध्ये. केंद्राचा चित्रफितींचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये दहा हजारांवर पोहोचला. हा कोश छापील नाही, हे ओघाने आलेच. त्यातील प्रत्येक शब्द कोणीतरी कॅमेऱ्यासमोर उभे राहून 'लिहिला' आहे.

मुंबईचे 'इशारे'

महाराष्ट्रातील कर्णबधिरांच्या रोजच्या जगण्यावर कर्णबधिर व्यक्तीनेच केलेला महत्त्वाचा माहितीपट म्हणजे 'इशारे'. बेल्जियममध्ये जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ अनेलिस कुस्टर्स स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांनी मुंबईत दीर्घकाळ अभ्यास केला आणि २०१५ मध्ये सुमारे ऐंशी मिनिटांचा हा माहितीपट पूर्ण केला. त्यात आवेश नाही, करुणाही नाही. मुंबईतील सहा कर्णबधिर दुकानदार, फेरीवाले, हॉटेलातील वेटर, सहप्रवासी यांच्याशी व्यवहार कसा करतात, एवढेच कॅमेरा पाहत राहतो. भाव बोटांवर सांगितला जातो, तळहातावर बोटाने अक्षर गिरवले जाते, वस्तूकडे निर्देश होतो, मान डोलते, घासाघीस होते आणि सौदा ठरतो.

सावद्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. गुरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत खान्देशाला अपरिचित नाही. भारतीय माणूस हातांनी बोलण्यात पटाईत आहे आणि कर्णबधिरांना त्याचा उपयोगही होतो. मात्र माहितीपटाचा खरा मुद्दा पुढचा आहे. बाजारात भागते ते इशाऱ्यांवर. पण सरकारी योजना, पोटदुखीचे कारण, प्रेम, भांडण, विनोद हे इशाऱ्यांत मावत नाही. त्यासाठी भाषा लागते आणि भाषेसाठी ती जाणणारी माणसे लागतात.

ही माणसे मुंबईत कोठे भेटतात, याविषयी कुस्टर्स यांनी २००९ मध्येच लिहिले होते. लोकलमधील अपंगांसाठी राखीव डबा हा मुंबईच्या कर्णबधिरांचा जणू कट्टा आहे. कोणती गाडी, कोणता डबा हे आधी ठरते; बातम्या, नोकऱ्यांची माहिती, स्थळे, थट्टामस्करी यांची देवाणघेवाण होते; गप्पा अर्ध्यावर राहू नयेत म्हणून आपले स्थानक सोडून पुढे जाणारेही असतात. एकमेकांना दिलेली खुणेची नावेही अशाच सहवासात रुजतात. कोणाचे नाव गालावरच्या तिळावरून पडते, कोणाचे केसांच्या वळणावरून.

सावद्याच्या स्थानकावरून केळी उत्तर भारतात जातात. लहान गावातील कर्णबधिर मुलाला मात्र तसा डबा नाही. घरच्यांनी आणि त्याने मिळून घडविलेल्या पंचवीस-पन्नास घरगुती खुणांवर त्याचे बालपण जाते. भूक, पाणी, शाळा, मार, मामा एवढे त्यातून कळते. 'परवा', 'कदाचित', 'का' हे कळविणे अवघड होते. पहिल्या काही वर्षांत पूर्ण भाषा मिळाली नाही, तर पुढे कोणतीच भाषा, अगदी वाचायची मराठीही, सहजपणे हाती लागत नाही, असे भाषातज्ज्ञ वारंवार बजावत आले आहेत. बहिरेपणापेक्षा हे भाषेविना राहणे अधिक नुकसान करते. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली आहे. त्यातील किती जणांना ही भाषा वेळेवर भेटली, हे जनगणना विचारीत नाही.

पडद्यावर कोण?

हिंदी चित्रपटाने कर्णबधिरांची कथा अनेकदा सांगितली आहे. गुलजार यांच्या 'कोशिश'ने (१९७२) संजीवकुमार आणि जया भादुरी यांच्याद्वारे एका कर्णबधिर जोडप्याचा संसार उभा केला. संजीवकुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोव्याच्या पार्श्वभूमीवरील 'खामोशी' (१९९६) मध्ये नाना पाटेकर व सीमा बिस्वास यांनी ऐकू येणाऱ्या मुलीच्या कर्णबधिर आई-वडिलांच्या भूमिका केल्या. 'इक्बाल' (२००५) मध्ये श्रेयस तळपदे यांचा न ऐकणारा गोलंदाज प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. मराठी रंगभूमीवर नव्वदच्या दशकात अंध, बहिरा आणि मुका अशा तीन मित्रांच्या 'ऑल द बेस्ट'ने गर्दीचे विक्रम केले. या कलाकृतींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. 'कोशिश' तर आजही डोळ्यांत पाणी आणतो. परंतु या सर्व प्रमुख भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या. सांकेतिक भाषा ही त्यांच्यासाठी तालमीत शिकण्याची गोष्ट होती.

अमेरिकेत 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' (१९८६) या चित्रपटासाठी मार्ली मॅटलिन या कर्णबधिर अभिनेत्रीला ऑस्कर मिळाले, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. पुढे 'कोडा' (२०२१) या चित्रपटात नामवंत पण ऐकू येणारे कलाकार घेण्याचा आग्रह निर्माते पक्षाकडून होऊ लागला, तेव्हा आपण बाहेर पडू, असे तिने बजावले. 'कोडा'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि त्यातील ट्रॉय कोत्सूर यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. भारतात जन्मतः कर्णबधिर असलेल्या अभिनया यांनी २००९ मधील तमीळ 'नाडोडिगळ'पासून दाक्षिणात्य चित्रपटांत स्थान मिळविले. त्यांना बहुधा बोलणाऱ्या पात्रांच्याच भूमिका मिळाल्या, हे विशेष.

कर्णबधिर दिग्दर्शकाच्या हाती कॅमेरा गेला की चौकटच बदलते. सामान्य चित्रपटात बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवतात. सांकेतिक भाषेत त्या चौकटीमुळे हात कापले जातात, म्हणजे वाक्यच कापले जाते. एक पात्र बोलत असताना ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया दाखविणे ही संकलनाची सर्रास रीत. येथे तेवढ्यात अर्धे वाक्य निसटते. प्रकाश चेहऱ्यावर हवा, हातांमागची पार्श्वभूमी गजबजलेली नको, कपड्यांवर नक्षी नको. बातमीपत्राच्या कोपऱ्यात दुभाष्याला दिलेला टिकलीएवढा चौकोन पाहिला, की हा विचार किती कमी होतो ते ध्यानात येते. दूरदर्शनवरील रविवारचे कर्णबधिरांसाठीचे बातमीपत्र अनेकांना आठवत असेल. ते ऐकणाऱ्यांनी कर्णबधिरांसाठी चालविलेले होते. मुंबईतील आलोक केजरीवाल या कर्णबधिर उद्योजकाने उभारलेल्या 'इंडिया सायनिंग हँड्स'ने कर्णबधिर वृत्तनिवेदकांनाच पूर्ण पडदा दिला, हा फरक लहान नाही. कोलकात्यात झरीन चौधरी यांच्या 'ॲक्शन प्लेयर्स'ने १९७० च्या दशकातच कर्णबधिर नटांना रंगमंच मिळवून दिला होता.

चित्रकलेत भारतातील सर्वांत मोठे नाव अर्थातच सतीश गुजराल यांचे. आठव्या वर्षी श्रवणशक्ती गमावलेल्या गुजराल यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातही शिक्षण घेतले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. फाळणीची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. पण त्यांनी स्वतःला कर्णबधिर समाजाचे चित्रकार म्हणून मांडले नाही. याउलट अमेरिकेच्या बेटी मिलर यांनी बेड्या घातलेले, बोटे तोडलेले हात रंगवून शाळेतील बंदी थेट कॅनव्हासवर आणली. १९८९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी कर्णबधिरांच्या दृष्टीतून उमटणाऱ्या कलेचा जाहीरनामाच प्रसिद्ध केला. दोन्ही वाटा मानाच्या आहेत. समाजाला भाषेची जाण देण्याचे काम मात्र दुसऱ्या वाटेने अधिक केले.

कायदा आता कर्णबधिरांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दूरचित्रवाणी कार्यक्रमांसोबत सांकेतिक भाषा अथवा उपशीर्षके देण्याची अपेक्षा ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीत हिंदी उपशीर्षके व ध्वनिवर्णन देण्याचा आदेश दिला, तर मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने कायद्यापेक्षा वेगाने काम केले. मोबाइलवरील व्हिडिओ कॉलमुळे सावद्यातील तरुण मुंबईच्या मित्राशी त्याच भाषेत, समोरासमोर बोलू शकतो. स्वतःचे चित्रण करून पाठविणारा प्रत्येक जण त्या वहीत एक पान जोडत असतो.

मराठी चित्रपटांची गोष्ट मात्र अजून अडलेली आहे. त्यांना उपशीर्षके असतात, पण बहुतेक वेळा ती इंग्रजीत असतात, कारण ती महोत्सवांसाठी आणि परप्रांतीय प्रेक्षकांसाठी केलेली असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी अक्षरे गिरवलेल्या कर्णबधिर प्रेक्षकासाठी मराठी चित्रपटावर मराठी अक्षरे क्वचितच उमटतात.