रात्रपाळीची वही

मानसोपचार वॉर्डात रात्रपाळीला आमचा एक दंडक होता: वहीत बाकी काही राहिलं तरी चालेल, पण कोण किती वाजता झोपलं आणि कधी उठलं, हे लिहायचंच. सकाळी राउंडला डॉक्टर आधी तीच पानं उलटत. दोन रात्री झोप नाही आणि तरी पेशंट टवटवीत, म्हणजे उन्माद चढतोय. पहाटे चारला छताकडे बघत पडलेली नैराश्याची बाई संध्याकाळी दोन घास जास्त खायची. आम्हा सिस्टर लोकांना हे पाठ होतं. डॉक्टरांच्या पुस्तकात ते कसं शिरलं, ते मी निवृत्त झाल्यावर वाचलं.

उन्माद आणि नैराश्य हे एकाच आजाराचं फिरतं चक्र आहे, असं पॅरिसमध्ये फाल्रे यांनी १८५१ साली मांडलं. १८५४ मध्ये बैयार्जे यांनी तोच मान आपल्याकडे ओढला आणि दोघांची जुंपली. मोठ्या डॉक्टरांचं हे असंच! पुढे जर्मनीत क्रेपेलिन यांनी स्वभावाकडे बोट दाखवलं. कुणी जन्माचा उदास, कुणी सदा उत्साही, कुणी चिडका, कुणी वरखाली होणारा. झटका ओसरला तरी तो स्वभाव मागे उरतो आणि घरच्यांतही दिसतो. वाचताना मला भेटीच्या वेळेला येणारे भाऊ-बहीण आठवले. काहींना तर आम्ही पेशंटच समजायचो.

आमच्या वहीतल्या झोपेच्या वेळांचा, घड्याळाचा धागा मात्र पेशंटांनीच हाती दिला. जर्मनीत ट्यूबिंगेनला, रात्रभर जागलं की सकाळी मन हलकं होतं, असं काहींनी शुल्टे या डॉक्टरांना सांगितलं. तिथल्याच फ्लूग आणि ट्योले यांनी १९७१ मध्ये हे जागरण उपचार म्हणून मांडलं. गुण एका रात्रीत येतो, पण पेशंट झोपला की बहुतेकदा जातो. शिवाय द्विध्रुवीय आजारात, म्हणजे उन्माद-नैराश्याच्या त्याच फिरत्या चक्रात, जागरणानं उन्माद उसळू शकतो, म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेतला इंजिनिअर हर्बर्ट कर्न. आपल्या मनाचे चढउतार तो वर्षानुवर्षं छोट्या वह्यांत टिपत होता. दर हिवाळ्यात खचायचा, वसंतात उसळायचा. दिवस लहान झाल्यामुळे असं होत असावं, हा तर्क त्याचा स्वतःचा. तो घेऊन तो संशोधकांकडे गेला. त्यांनी ऐन हिवाळ्यात त्याला पहाटे आणि संध्याकाळी प्रखर दिव्यांसमोर बसवलं. काही दिवसांतच त्याला उभारी आली. १९८२ मध्ये हे छापून आलं आणि १९८४ मध्ये त्या संशोधकांपैकीच रोझेन्थाल यांनी या ऋतुमानाच्या नैराश्याला नाव दिलं.

इटलीत मिलानच्या एका रुग्णालयात तर पुढे असं दिसलं, की द्विध्रुवीय नैराश्याचे जे पेशंट सकाळचं ऊन येणाऱ्या पूर्वेकडच्या खोल्यांत होते, ते पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून थोडे जास्त लवकर घरी गेले. आमच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट जो जास्त भांडेल त्याला मिळायची.