तेरीज जुळलीच पाहिजे

कापराची वडी जळते आणि तबकात काहीच उरत नाही. ढीगभर लाकूड जळतं आणि राख उरते मूठभर. मग बाकीचं गेलं कुठे? रसायनशास्त्राचा पाया या एका प्रश्नात आहे. शाळेच्या पुस्तकात सुरुवात सूत्रांनी आणि चिन्हांनी होते, म्हणून आपल्यापैकी पुष्कळजणी या विषयापासून दूर राहिल्या. मी तर कॉमर्सची. पण या शास्त्राला वळण लावणारा माणूस मुळात हिशेबाचा पक्का होता हे वाचलं, तेव्हा मला हा विषय एकदम आपल्या घरातला वाटला.

त्याचं नाव आंत्वान लॅव्हाझिए. जन्म पॅरिसमध्ये, १७४३ साली. शिक्षण कायद्याचं, ओढा विज्ञानाकडे. १७६८ मध्ये त्याने फ्रान्सच्या राजासाठी कर वसूल करणाऱ्या खाजगी कंपनीत भागीदारी घेतली. ही मंडळी राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि मीठ, तंबाखू अशा वस्तूंवरचा कर लोकांकडून वसूल करायची. वरचं उरलं तो नफा. लोकांचा या कंपनीवर किती राग असेल ते सांगायला नको. त्या पैशातून लॅव्हाझिएने उत्तमातले उत्तम तराजू करवून घेतले. सकाळी सहा ते नऊ प्रयोगशाळा, दिवसभर कचेरी, रात्री सात ते दहा पुन्हा प्रयोगशाळा, असा त्याचा नेम होता.

तेव्हाचे विद्वान जळण्याबद्दल काय मानत? जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं तत्त्व असतं आणि जळताना ते बाहेर पडतं. लाकडातून ते गेलं की राख उरते, धातूतून गेलं की भस्म उरतं. ऐकायला पटतं. पण अडचण अशी की धातूचं भस्म मूळ धातूपेक्षा जड भरतं! काहीतरी बाहेर गेलं असेल तर वजन वाढेल कसं? खर्च करूनही शिल्लक वाढलेली दिसली, तर आपण काय म्हणू? कुठेतरी जमेची नोंद राहिली आहे. लॅव्हाझिएनेही तेच ताडलं. १७७२ मध्ये त्याने गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले, तर त्यांचंही वजन वाढलं. म्हणजे जळताना पदार्थ हवेतून काहीतरी घेत होता.

पण काय? १७७४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडचा जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आला आणि लॅव्हाझिएच्या घरी जेवायला बसला. पाऱ्याचं लाल भस्म तापवल्यावर एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती फार तेजाने जळते, हे त्याने पंगतीत सांगितलं. यजमान आणि त्यांची पत्नी दोघंही चकित झाली.

पुढे लॅव्हाझिएने केलेला प्रयोग म्हणजे हिशेबाचा नमुनाच आहे. त्याने पारा एका भांड्यात घेतला. त्याच्याशी जोडलेल्या बंद जागेत ५० घन इंच हवा होती. बारा दिवस तो पारा तापवत ठेवला. पाऱ्यावर लाल भस्म जमलं आणि हवा ४२ ते ४३ घन इंच उरली. त्या हवेत दिवा विझे, जीव गुदमरे. मग त्याने ते भस्म वेगळं काढलं. ते भरलं ४५ ग्रेन. ग्रेन हे तिथलं बारीक माप, साधारण ५३ मिलिग्रॅमचं. ते भस्म आणखी तापवलं, तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घन इंच वायू निघाला. जेवढी हवा हरवली होती, जवळजवळ तेवढाच! तेरीज जुळली. या वायूला त्याने नाव दिलं ऑक्सिजन.

आपला लोखंडी तवा गंजतो, चुलीत लाकूड जळतं, आपण श्वास घेतो, या सगळ्यात हाच ऑक्सिजन खर्ची पडतो. कापूर नाहीसा होत नाही, तो वाफ आणि वायू होऊन हवेत मिसळतो. रूप बदलतं, वजन कुठेही बुडत नाही. यालाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

दुसरा पाया मूलद्रव्याचा. ज्याचे आणखी तुकडे पाडून वेगळे पदार्थ काढता येत नाहीत, ते मूलद्रव्य. दोन किंवा अधिक मूलद्रव्यं जोडली जाऊन नवाच पदार्थ झाला की ते संयुग. पाणी हजारो वर्षं मूलतत्त्व मानलं जाई. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, हे १७८३ मध्ये लॅव्हाझिएने दाखवलं. १७८९ च्या त्याच्या पुस्तकात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. त्यात प्रकाश, उष्णता आणि आपल्या पानाचा चुनासुद्धा आहे! ती नावं पुढे गळाली, पण व्याख्या टिकली.

नावांचाही गोंधळ होता. ‘आर्सेनिकचं लोणी’, ‘जस्ताची फुलं’ अशी पदार्थांची नावं होती. लोणी म्हणायचं आणि असायचं जहाल विष. १७८७ मध्ये लॅव्हाझिए आणि तीन सहकाऱ्यांनी ठरवलं, नावावरूनच कळावं आत काय आहे. जस्ताची फुलं झाली झिंक ऑक्साइड. डब्यावर चिठ्ठी लावण्याचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता मारी-आनबद्दल. लग्नात ती तेरा वर्षांची होती आणि तो अठ्ठावीसचा. पणज्यांच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्याला याचं नवल वाटणार नाही. ती रसायनशास्त्र शिकली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी शिकली आणि विरोधकांचे ग्रंथ त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये आणले. प्रयोग चालू असताना नोंदी ती लिहायची. चित्रकलेचे धडे तिने घेतले होते, त्यामुळे १७८९ च्या पुस्तकातली उपकरणांची १३ चित्रपत्रं तिच्या हातची आहेत. त्या चित्रांवरून दुसऱ्यांना तेच प्रयोग करून पाहता आले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचं.

लॅव्हाझिएच्या वहीत न भरलेली नोंद ही एकच नव्हती. प्रिस्टलीने पंगतीत दिलेल्या धाग्याचं श्रेय देतानाही त्याचा हात आखडला. पदार्थाचा ग्रेनही न सोडणारा माणूस माणसांचं देणं असं सोडून गेला.

कराचा हिशेब मात्र लोकांनी विसरला नव्हता. कर चुकवून माल शहरात येऊ नये म्हणून पॅरिसभोवती उभारलेल्या भिंतीची कल्पना लॅव्हाझिएचीच होती. क्रांती झाली, कंपनीचे भागीदार पकडले गेले. तंबाखूत पाणी घालून वजन वाढवल्याचा आरोपही त्यांच्यावर होता. ८ मे १७९४ रोजी २८ जणांना गिलोटिनवर चढवलं. त्यात लॅव्हाझिए होता आणि मारी-आनचे वडीलही होते. एका दिवसात दोघे गेले. घरदार जप्त झालं, तिलाही काही काळ तुरुंग भोगावा लागला. सुटल्यावर तिने नवऱ्याचे अपुरे राहिलेले लेख जुळवून छापून घेतले. दुसरं लग्न केलं, तरी लॅव्हाझिए हे नाव सोडलं नाही.

आज मुलं वहीत रासायनिक समीकरण ‘संतुलित’ करतात. बाणाच्या डावीकडे जेवढे अणू, उजवीकडे तेवढेच. तुमच्या घरातलं कुणी ते करताना कंटाळलं, तर त्याला सांगा, हा जमाखर्च आहे, डावं-उजवं जुळलं की झालं. आणि पॅरिसमधल्या त्या पहिल्या वहीत नोंदी लिहिणाऱ्या बाईचं नावही सांगा.