इटालियन फर्निचरातील लॅमिनेट : द्रव्य आणि दर्शन

सप्टेंबर १९८१ मध्ये मिलान येथे 'मेम्फिस' गटाचे पहिले प्रदर्शन भरले. प्रेक्षक चकित झाले ते विलक्षण आकारांमुळे, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः विक्षोभाचे मूळ द्रव्यातही होते. एत्तोरे सोत्सास याच्या 'कार्ल्टन' या पुस्तकांच्या मांडणीवर, आपल्याकडे 'सनमायका' या नावाने परिचित असलेल्या जातीचे लॅमिनेट चढविलेले होते. राळेत भिजविलेल्या कागदांचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव करून होणारा हा पत्रा तोवर बहुधा खानावळींच्या व स्वयंपाकघरांच्या मेजांवर लाकडाचे वा संगमरवराचे सोंग घेऊन वावरत असे. सोत्सासने १९७८ मध्ये आबेत लामिनाती या कारखान्यासाठी रचलेल्या 'बाक्तेरिओ' नक्षीने ते सोंग उतरविले. तिच्या वळवळत्या काळ्या रेषा कोणत्याही लाकडाची वा दगडाची नक्कल करीत नाहीत. कार्ल्टनच्या बैठकीवरही हीच नक्षी आहे.

या बंडाचे मोल मात्र तपासून घ्यावयास हवे. गाएतानो पेशे याची १९६९ ची 'अप' आसने पॉलियुरेथेनच्या फेसाची होती. हवा काढून चपटी केलेली ती आसने वेष्टन उघडताच फुगून आकारास येत. तेथे वस्तू द्रव्याच्या गुणधर्मातूनच जन्म घेत होती. मेम्फिसमध्ये द्रव्याची क्रांती बव्हंशी पृष्ठभागापुरतीच राहिली. आतील सांगाडा नेहमीच्याच सुतारकामाचा. शिवाय खानावळीतला हा पत्रा महागड्या वस्तूंवर चढून धनिकांच्या दिवाणखान्यात गेला. कार्ल लागरफेल्डने मोंते कार्लोतील आपले घर याच वस्तूंनी सजविले होते. १९९१ मध्ये तो संग्रह लिलावात निघाला.