गाठीचें नांव आणि शस्त्राची मर्यादा

वैद्यकाचा इतिहास हा केवळ नव्या औषधांचा इतिहास नव्हे. रोगाला त्याचें खरें नांव देण्याचाहि तो इतिहास आहे. स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तळाशीं क्वचित् उद्भवणाऱ्या एका अर्बुदाची कथा या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

ही गाठ बहुधा तरुण वा मध्यम वयांत होते. ती मऊ असते, बहुशः दुखत नाहीं, आणि मंदगतीनें वाढते. बाहेरून ती सुपारीएवढी भासली, तरी आंत खोलवर पसरलेली असूं शकते. त्यामुळें तिला कधीं अंतर्गळ, कधीं पाण्याची, तर कधीं चरबीची गाठ समजलें जाई. वरचा भाग कापला जाई, जखम भरून येई, आणि कांहीं वर्षांनीं त्याच जागीं गाठ पुन्हा डोकें वर काढी. तशांत संकोचामुळें दुखणें सांगण्यास विलंब झाला, तर रोगाला अधिकच अवसर मिळे.

१९८३ सालीं अमेरिकेंत स्टीपर व रोसाई यांनीं अशा नऊ स्त्रियांच्या गाठी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून हा एक स्वतंत्र विकार असल्याचें दाखविलें. विरळ, चिकट द्रव्यांत पसरलेल्या पेशी आणि त्यांमध्यें विखुरलेल्या लहानमोठ्या रक्तवाहिन्या, हें तिचें लक्षण. नांव पडलें ‘अ‍ॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा’. १९९२ सालीं फ्लेचर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिच्यासारखी दिसणारी, पण निरुपद्रवी अशी दुसरी गाठ वेगळी ओळखली. दोहोंतील भेद कळणें रुग्णाच्या हिताचें होतें, कारण एकीला लहानशी शस्त्रक्रिया पुरे, तर दुसरीच्या मागावर वर्षानुवर्षें राहावें लागे.

परंतु ‘आक्रमक’ या विशेषणानें एक निराळेंच संकट ओढवलें. गाठ मुळासकट उपटावी, या हेतूनें आसपासच्या अवयवांवरहि शस्त्र चाले. वास्तविक ती शरीरांत दूरवर पसरल्याचीं उदाहरणें अत्यंत विरळ. २००० सालीं चान व सहकाऱ्यांनीं रुग्णांची पाहणी करून, समूळ छेदन हाच एक मार्ग काय, असा प्रश्न उपस्थित केला. कडेला थोडा अंश राहिलेल्या स्त्रियांतहि गाठ परतण्याचें प्रमाण अपेक्षेइतकें अधिक आढळलें नव्हतें.

पुढें असें दिसून आलें कीं, यांतील बहुतेक गाठींच्या पेशी स्त्रीदेहांतील अंतःस्रावांना प्रतिसाद देतात. २००१ सालीं फाइन व सहकाऱ्यांनीं, हे स्राव रोखणाऱ्या औषधानें पुन्हा उद्भवलेली गाठ ओसरल्याचें नमूद केलें. अर्थात् हें औषध निर्दोष नाहीं. त्यानें मासिक धर्म थांबतो, हाडें विरळ होतात; आणि तें बंद करतांच गाठ वाढूंहि शकते.

आज चुंबकीय प्रतिमेंत या गाठीचे भोंवऱ्यासारखे पट्टे आधींच दिसूं शकतात. लहानसा तुकडा तपासून निदान पक्कें करतां येतें, आणि शस्त्रक्रियेनंतरहि दीर्घकाळ लक्ष ठेवलें जातें. अपत्याची आशा बाळगणाऱ्या स्त्रीला तर या क्रमाचें मोल विशेष आहे. शस्त्र तेंच राहिलें; तें कोठें थांबवावें, एवढें मात्र वैद्यकाला कळूं लागलें.