वांग, चट्टा आणि डाग : चंद्रपूर–गडचिरोलीतील त्वचाविषयक शब्दांचा इतिहास

चेहऱ्यावरील काळे डाग घालविण्यासाठी कोणते द्रव्य निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता प्रसाधनांच्या दुकानातला वाटतो. तथापि ज्या प्रदेशात त्वचेवरील एखादी खूण कुष्ठरोगाची पहिली सूचना असू शकते आणि दुसरी एखादी खूण त्याच रोगाच्या औषधाचा परिणाम असू शकते, त्या प्रदेशात हा प्रश्न प्रथम नामकरणाचा असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हा असा प्रदेश होय. पूर्वी चांदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण अरण्यमय जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत या दोहोंची गणना आजही होते. येथील लोकव्यवहार प्रमाण मराठी, झाडीबोली, गोंडी आणि माडिया अशा अनेक भाषारूपांतून चालतो. त्वचेवरील खुणांसाठी मराठीने घडविलेले शब्द, त्या शब्दांभोवती उभे राहिलेले उपचार आणि आधुनिक बाजारात त्या शब्दांचे काय झाले, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. जुनी भाषा ज्या खुणा वेगवेगळ्या ओळखीत होती त्या सर्व आज 'डाग' या एका शब्दात मिसळल्या आहेत, आणि या मिसळणीची किंमत रोग्याला आपल्या शरीराने मोजावी लागते, हे दाखविणे हा या विवेचनाचा उद्देश आहे.

१

गालांवर, कपाळावर किंवा नाकाच्या दोहो बाजूंस उमटणाऱ्या काळसर पट्ट्यांना मराठीत 'वांग' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'व्यङ्ग' या शब्दापासून आला. 'जङ्घा'पासून 'जांघ' व्हावे त्याच रीतीने येथे अनुनासिकापूर्वीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला आहे, आणि आरंभीच्या जोडाक्षरातील यकार लोपला आहे. भाजीच्या 'वांगे' या शब्दाशी त्याचा व्युत्पत्तिदृष्ट्या काहीही संबंध नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचे प्रकरण आहे. त्यात व्यंगाचे वर्णन चेहऱ्यावरील पातळ, वेदनारहित, श्यामवर्ण मंडल असे केले असून क्रोध व श्रम ही त्याची कारणे सांगितली आहेत. त्याच प्रकरणात न्यच्छ, नीलिका, तिलकालक आणि मषक यांची लक्षणे निरनिराळी दिली आहेत. जी खूण त्वचेशी समपातळीत आहे ती एक, जी उंचवट्यासारखी वर आली आहे ती दुसरी, असा स्पष्ट भेद तेथे आढळतो. मराठीतही वांग, तीळ, लांस, चामखीळ, शिबे, कोड आणि चट्टा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. 'वांग' हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात चेहऱ्यावरील काळ्या डागांच्या अर्थी नोंदलेला आहे. त्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची होय.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, 'व्यंग' हा संस्कृत शब्द तत्सम रूपाने मराठीत पुन्हा आला, तो मात्र शारीरिक उणीव अथवा वैगुण्य या अर्थाने. म्हणजे एकाच मूळ शब्दाची दोन रूपे मराठीत नांदतात. 'वांग' हे रूप केवळ खूण सांगते. 'व्यंग' हे रूप त्या खुणेवर न्याय सुनावते. दुसरी गोष्ट 'कोड' या शब्दाची. तो 'कुष्ठ' या शब्दाचेच प्राकृतमार्गे आलेले रूप आहे. आजच्या मराठीत 'कोड' म्हणजे त्वचेचा रंग नाहीसा होणे. हा विकार संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचे काही नाते नाही. तथापि शब्दांचे नाते तुटले नाही आणि त्यामुळे कोड असलेल्या माणसाला कुष्ठरोग्याची अवहेलना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागली. शब्दाचा इतिहास हा केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नाही, तो असा माणसाच्या जगण्याला भिडतो.

'डाग' या शब्दाची वाट याहून निराळी आहे. त्याच्याजवळ 'डागणे' हे क्रियापद उभे आहे, आणि फार्सी 'दाग' या शब्दातही तापलेल्या लोखंडाची खूण व कलंक हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. कपड्यावरही डाग पडतो, अब्रूवरही पडतो आणि चेहऱ्यावरही पडतो. तो धुऊन काढावयाचा असतो, ही कल्पना त्या शब्दातच अंतर्भूत आहे. वांग धुऊन काढण्याची भाषा कोणी करीत नसे.

२

या अरण्यातील दोन वृक्ष त्वचेच्या खुणांशी जवळून निगडित आहेत. एक चार आणि दुसरा बिबा. चाराच्या फळातील बी म्हणजे चारोळी. संस्कृतातील 'प्रियाल' तो हाच. उन्हाळ्यात त्याची फळे गोळा करणे, ती सुकवून फोडणे आणि चारोळी विकणे हा येथील वनवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचा एक भाग आहे. दुधात वाटलेल्या चारोळीचे उटणे हा महाराष्ट्रातील घरोघरीचा जुना उपचार होय. बिबा याच्या अगदी उलट गुणाचा. त्याच्या फळातील काळ्या तेलाचा स्पर्श झाला असता त्वचेवर फोड येतात, आणि फोड बरे झाल्यावर मागे काळा व्रण दीर्घकाळ राहतो. याच तेलाने धोबी कपड्यांवर खुणा घालीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना अशा खुणांमुळे त्वचादाह झाल्याची नोंद १९४३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या चार, बिबा आणि आंबा हे तिन्ही एकाच कुळातील वृक्ष आहेत. डाग उठविणारा आणि डाग घालविण्यासाठी वापरला जाणारा असे दोन्ही वृक्ष एका कुळातील व एकाच रानातील असावेत, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे. रानातील म्हणून सौम्य, ही समजूत किती अपुरी आहे हे बिब्यावरून सहज ध्यानी येते.

ग्रंथोक्त उपचारांतही अरण्यद्रव्यांचा भरणा आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यंगावर अर्जुनाची साल किंवा मंजिष्ठा मधातून लावावयास सांगितली आहे. कुंकुमादी तेलाच्या पाठात लाक्षेचा म्हणजे लाखेचा समावेश आहे. अर्जुनसादडा येथील नदीनाल्यांच्या काठी उगवतो आणि लाख पळस-कुसुमाच्या फांद्यांवर होते. या लेपांनी त्वचा स्वच्छ व स्निग्ध होते. परंतु वांगाचा रंग पुष्कळदा त्वचेच्या खोल थरात असतो, आणि तेथवर उटण्याचा हात पोहोचत नाही.

खूण नकोशीच असते असेही नाही. गोंड स्त्रियांच्या हातापायांवरील गोंदण ही स्वेच्छेने करून घेतलेली काळी खूण होय. मध्यप्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोंडांच्या गोंदणाचे वर्णन आले आहे. मृत्यूनंतरही सोबत येणारा दागिना तो हाच, अशी श्रद्धा त्यामागे आहे. तेव्हा काळेपणा म्हणजे दोष, हे समीकरण या भूमीत मुळापासूनचे मानता येत नाही.

३

'चट्टा' या शब्दाला या दोन जिल्ह्यांत जे वजन आले ते कुष्ठरोगामुळे. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा हे या रोगाचे प्रमुख लक्षण. आरोग्यखात्याच्या मराठी प्रचारातही हाच शब्द रूढ झाला आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. समितीच्या नावात 'महारोगी' हा त्या काळचा रूढ शब्द आहे. पुढे शासकीय व वैद्यकीय मराठीत 'कुष्ठरोग' हा शब्द स्थिर झाला. शब्द पालटला तरी भय तत्काळ गेले नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

औषधाच्या इतिहासात काळ्या डागाचा प्रश्न अनपेक्षितपणे उपस्थित झाला. क्लोफाझिमीन हे द्रव्य १९५४ मध्ये डब्लिन येथे क्षयरोगावर उपाय शोधताना तयार झाले. मुळात ते एक रंजकद्रव्य आहे. १९६२ पासून नायजेरियात त्याचा कुष्ठरोगावर प्रयोग झाला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारात रिफाम्पिसिन व डॅप्सोन यांच्या जोडीने त्याला स्थान मिळाले. भारतात हा उपचार वर्धा जिल्ह्यासारख्या मोजक्या जिल्ह्यांतून आरंभी सुरू झाला. १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाने तो पुढे नेला. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट साध्य झाले.

या औषधाने त्वचा तांबूस-काळी पडते, आणि जेथे मूळ चट्टे असतात तेथे हा रंग अधिक गडद होतो. म्हणजे जो चट्टा पूर्वी फिकट होता व कपड्याखाली लपत होता, तो उपचार सुरू झाल्यावर काळा होऊन लोकांच्या नजरेत भरतो. रोग बरा होत असतानाच रोग्याची ओळख गावाला पटते. या भयाने औषध सोडण्याचा मोह होतो, आणि अर्धवट सोडलेल्या उपचाराची परिणती मज्जातंतूंच्या हानीत व अवयवांच्या विकृतीत होऊ शकते. वस्तुतः हा काळेपणा तात्पुरता असतो. औषधाचा ठराविक काळ संपल्यानंतर काही महिन्यांत तो ओसरू लागतो आणि साधारणतः वर्षा-दोन वर्षांत फिकटतो. त्यासाठी कोणतेही मलम निवडण्याची गरज नसते. आवश्यकता असते ती धीराची, आणि ही गोष्ट रोग्याला त्याच्या बोलीत आधीच सांगून ठेवण्याची. झाडीबोलीत 'काळा' हा शब्द 'कारा' असा उच्चारला जातो. गोंडी-माडिया भाषकाला तर प्रमाण मराठीतील पत्रक परकेच असते. जेथे हा खुलासा पोहोचत नाही, तेथे बाजाराचा 'डाग' हा शब्द पोहोचतो.

४

बाजाराचा हा शब्द नवा नाही. मुंबईत १९१९ मध्ये निघालेले 'अफगाण स्नो' हे भारतीय बनावटीच्या प्रसाधनांतील एक अग्रणी होय. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आले. २०२० मध्ये त्याचे नाव 'ग्लो अँड लव्हली' असे करण्यात आले. नाव बदलणे हेच उत्तर मानले जावे, यावरून नामकरणाचे सामर्थ्य उत्पादकांनाही मान्य आहे असे दिसते. मात्र या काळात वांग, तीळ, फोडाचा व्रण, उन्हाने आलेला काळेपणा हे सर्व जाहिरातीच्या मराठीत 'डाग' झाले, आणि त्यांवर एकच नळी पुरेशी ठरू लागली.

त्या नळीत काय असते, याचाही एक इतिहास आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस चर्मोद्योगातील कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे आढळले. रबरी हातमोज्यांतील हायड्रोक्विनोनच्या एका संयुगाचा तो परिणाम होता. याच निरीक्षणाच्या वाटेने हायड्रोक्विनोन हे वांगावरील औषध झाले. अल्पकाळ व वैद्याच्या देखरेखीखाली ते उपयुक्त ठरते. परंतु दीर्घकाळ वापरल्यास त्वचेत निळसर-काळा रंग साठतो, हे दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवरून १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचविले. औषध म्हणून निघालेली अशी मिश्रणे भारतात गोरेपणाची मलमे म्हणून खपू लागली. त्यांतील स्टेरॉइडने त्वचा पातळ व लाल होते, केस वाढतात, आणि मलम थांबविताच काळेपणा उसळून येतो. २०१८ मध्ये शासनाने अशा स्टेरॉइडयुक्त मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीस बंदी असलेल्या एच परिशिष्टात घातले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर असे मलम चोळीत राहिल्यास निदान लांबते, हा येथील विशेष धोका होय.

पाऱ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याची संयुगे वापरण्यास भारतीय नियमांनी बंदी आहे. २०१३ च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये संमती दिली. तरीही केरळातील मलप्पुरम भागात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडविकाराचे बावीस रुग्ण अभ्यासण्यात आले. त्यांपैकी पंधरा जणांत विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या पंधरांतील तेरा जणांनी त्वचा उजळविणारी मलमे वापरली होती. विदर्भातही अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना अशाच मलमामुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याची हकीकत २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. वेष्टनावर पारा 'पारा' या नावाने क्वचितच येतो. 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड', 'अमोनिएटेड मर्क्युरी' अशी त्याची नावे असतात. अनेकदा वेष्टनावर घटकांची यादीच नसते, आणि हे एकच कारण ती वस्तू नाकारण्यास पुरेसे आहे.

५

या विवेचनावरून निवडीचा एक क्रम हाती येतो, आणि तो जुन्या मराठीच्या शब्दभेदांशी जुळणारा आहे. खूण फिकट किंवा लालसर असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो चट्टा होय. त्याचे स्थान प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे आणि तेथे औषध विनामूल्य मिळते. उपचार चालू असताना आलेला काळेपणा हा औषधाचा रंग होय. तो सोसावयाचा असतो, औषध सोडावयाचे नसते. बिब्याने किंवा फोडाने मागे ठेवलेला व्रण घासल्याने वाढतो आणि सोडून दिल्याने हळूहळू निवळतो. उरला तो वांग. त्यावर ॲझेलेइक ॲसिडसारखी तुलनेने सौम्य द्रव्ये आहेत. हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन ही वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाची, आणि गरोदरपणात ट्रेटिनॉइन वर्ज्य. परंतु ऊन अडविल्यावाचून यांतील कोणतेही द्रव्य टिकाऊ फळ देत नाही. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो, म्हणून लोहाच्या ऑक्साइडने रंगविलेले ऊनरोधक मलम त्याला अधिक उपकारक ठरते. मार्च-एप्रिलात मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने वेचणाऱ्या स्त्रीला असे मलम परवडेलच असे नाही. तिच्या बाबतीत डोक्यावरून पुढे ओढलेला पदर आणि पहाटेची वेळ हीच पहिली उपाययोजना होय.

वांगाचे मूळ सांगताना सुश्रुताने श्रमाचा उल्लेख केला होता. गर्भारपण व अंतःस्रावांचा भाग आधुनिक वैद्यकाने त्यात जोडला, आणि श्रमाच्या जागी ऊन घातले. परंतु या अरण्यात श्रम आणि ऊन वेगळे काढता येत नाहीत. जिच्या चेहऱ्यावर वांग आहे ती बहुधा राबणारी स्त्री आहे. तिच्या खुणेला 'डाग' न म्हणता तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. कोश आणि बोलीसंग्रह सिद्ध करणाऱ्यांनी हे शब्द त्यांच्या अर्थभेदांसह नोंदवून आरोग्यसेवकांच्या हाती दिले, तर ते कार्य औषधयोजनेचाच एक भाग ठरेल.