बेकारी भत्ता : पर्याप्तता व करआकारणी

काम मागूनही न मिळाल्यास शासनाने द्यावयाची रक्कम. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यात (1977) तिची तरतूद झाली. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर कायद्यापूर्वीच, 1975 पासून, व्यवसाय कर बसविण्यात आला.

केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने (2005) हा हक्क देशभर नेला. 2 फेब्रुवारी 2006 रोजी सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा (ज्यात खैरलांजी तालुका आहे) आणि सीमेपलीकडचे महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा जिल्हे होते. अर्जानंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एकचतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा भत्ता ठरला. 2024-25 मध्ये मजुरी मध्य प्रदेशात 243 रुपये, तर महाराष्ट्रात 297 रुपये होती. त्यामुळे पहिल्या महिन्यातील किमान दैनिक भत्ता खैरलांजीत 60.75, तर गोंदियात 74.25 रुपये होई. एवढ्यात घरखर्च भागणे कठीण.

मजुरी व भत्ता मिळून 100 दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली, की शासनाची जबाबदारी संपे. खैरलांजीतील कुटुंबासाठी ही मर्यादा वर्षाला 24,300 रुपये होती. त्यामुळे केवळ या उत्पन्नावर आयकर लागण्याचा प्रश्न नव्हता. अमेरिकेत मात्र 1987 पासून सर्वसाधारणपणे संपूर्ण बेकारी भत्ता संघीय आयकरास पात्र आहे.

मजुरीचा भार केंद्रावर, भत्त्याचा राज्यावर होता. दाव्यासाठी कामाच्या अर्जाची तारीख असलेली पोच हाच मजुराचा मुख्य पुरावा ठरे.